पारदर्शक वाहक आणि लवचीक सौरघट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुंडाळी करता येणाऱ्या सोलरची बातमी दर दोन-चार महिन्यांनी येते आणि मग प्रश्न सुरू होतात. एम.एस्सी.चे विद्यार्थी विचारतात, शेडच्या पत्र्यावर काही बसवू पाहणारे विचारतात, शाळेतले विज्ञान शिक्षकही विचारतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बातम्यांचा सगळा भर प्रकाश शोषणाऱ्या थरावर असतो. पण लवचीक सौरघट आज अडतो तो त्या थरापाशी कमी. तो अडतो वरच्या पारदर्शक वाहक थरापाशी आणि पाण्याची वाफ अडवणाऱ्या आवरणापाशी. म्हणून उत्तरांमध्येही या दोघांना जास्त जागा दिली आहे.

पारदर्शक वाहक म्हणजे नेमकं काय, आणि सौरघटाला तो कशाला लागतो?

ज्यातून उजेड आरपार जातो आणि वीजही वाहते, असा पातळ थर. मोबाइलच्या टचस्क्रीनवर आणि टीव्हीच्या पडद्यामागे तो असतोच. सौरघटात ज्या बाजूनं ऊन आत घ्यायचं, त्याच बाजूनं वीजही बाहेर काढावी लागते. छतावरच्या नेहमीच्या सिलिकॉन पॅनलमध्ये हे काम चांदीच्या बारीक रेघा करतात. सिलिकॉनचा वरचा पापुद्रा स्वतःच बऱ्यापैकी वाहक असल्यामुळे मिलिमीटर-दीड मिलिमीटर अंतरावरच्या रेघा पुरतात. पातळ थरांच्या घटात शोषक थर आडव्या दिशेनं वीज नेऊच शकत नाही. त्यामुळे सबंध पृष्ठभागावर वाहक पसरावा लागतो, आणि तो पारदर्शक असावा लागतो.

काच पारदर्शक, पण वीज नेत नाही. तांबं वीज नेतं, पण आरपार दिसत नाही. दोन्ही गुण एकत्र कसे येतात?

या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दृश्य प्रकाशाच्या कणांची ऊर्जा साधारण १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पदार्थातल्या बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला याहून जास्त ऊर्जा लागत असेल, म्हणजे त्याचा बँड गॅप ३.१ पेक्षा मोठा असेल, तर दृश्य प्रकाश शोषला न जाता निघून जातो. इंडियम ऑक्साइड, टिन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड हे सगळे या गटातले. पण गॅप मोठा असला की मोकळे इलेक्ट्रॉनही नसतात, म्हणून वीज वाहत नाही. इथे भेसळ कामाला येते. इंडियमच्या जागी टिनचा अणू बसवला, की त्याच्याकडचा एक जादा इलेक्ट्रॉन मोकळा होतो. असे इलेक्ट्रॉन घनसेंटिमीटरमागे १० चा २० वा किंवा २१ वा घात एवढे झाले, की थर चांगला वाहक होतो. तांब्यात ही संख्या शंभरेक पटीनं जास्त असते.

मग आणखी इलेक्ट्रॉन का घालू नयेत? कारण मोकळे इलेक्ट्रॉन लांब तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि परावर्तित करतात. संख्या वाढवत गेलं की हे शोषण अवरक्त भागातून दृश्य प्रकाशाकडे सरकत येतं आणि आपण हळूहळू तांब्याच्या दिशेला जातो. शिवाय भेसळीचे अणूच इलेक्ट्रॉनच्या वाटेत अडथळे बनतात. म्हणून हुशारी असते ती इलेक्ट्रॉनची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांची वाट मोकळी करण्यात.

याची सुरुवात कुणी केली?

१९०७ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल बेडेकर यांनी कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवून त्याचं ऑक्साइड केलं. तो थर पारदर्शकही होता आणि वाहकही. कॅडमियम विषारी असल्यामुळे ती वाट पुढे फारशी कुणी धरली नाही. आज राज्य आहे आयटीओचं, म्हणजे इंडियम-टिन ऑक्साइडचं. वजनानं साधारण नव्वद भाग इंडियम ऑक्साइड आणि दहा भाग टिन ऑक्साइड. काचेवर लावायचं असेल आणि काच तापून चालणार असेल तर फ्लोरिन घातलेलं टिन ऑक्साइड, म्हणजे एफटीओ, स्वस्तही पडतं आणि टिकाऊही. पण त्याला ४०० ते ५०० अंश सेल्सियसची उष्णता लागते, त्यामुळे प्लास्टिकवर त्याचा विचारच नको.

‘ओम प्रति चौरस’ हे एकक कळत नाही. कुठला चौरस? सेंटिमीटरचा की मीटरचा?

कुठलाही. एकसारख्या जाडीच्या थरातून चौरस कापा आणि समोरासमोरच्या दोन कडांमधला रोध मोजा. चौरस मोठा केला तर विजेची वाट लांबते, पण तेवढीच ती रुंदही होते, म्हणून आकडा तोच येतो. यालाच शीट रेझिस्टन्स म्हणतात. थराची रोधकता भागिले जाडी, एवढंच सूत्र. आयटीओची रोधकता चांगली असली तर १० चा उणे चौथा घात ओम-सेंटिमीटरच्या आसपास असते. जाडी १०० नॅनोमीटर धरली तर उत्तर येतं १० ओम प्रति चौरस. काचेवरचं बाजारातलं आयटीओ साधारण १० ते १५ चं असतं. पेट (पाण्याच्या बाटल्यांचं) प्लास्टिकवरचं ५०-६० च्या घरात असतं, कारण प्लास्टिक तापवता येत नाही आणि थराचे स्फटिक नीट बसत नाहीत.

नुसता कमी रोध पाहून भुलू नका. हाके या संशोधकानं १९७६ साली एक मोजमाप सुचवलं: पारगम्यतेचा, म्हणजे आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या वाट्याचा, दहावा घात भागिले शीट रेझिस्टन्स. ९० टक्के प्रकाश सोडणाऱ्या १० ओमच्या थराला ०.०३५ गुण मिळतात. ८० टक्के सोडणाऱ्या ५ ओमच्या थराला ०.०२१. दुप्पट वाहक असूनही दुसरा मागे पडतो.

आयटीओ इतकं चांगलं आहे, तर लवचीक घटात तेच का वापरत नाहीत?

वापरतात, पण ते ठिसूळ आहे. हे घरच्या मल्टिमीटरवरही दिसतं. आयटीओ लावलेली, १२५ माइक्रॉन जाडीच्या पेटची पट्टी घ्या. वाहक बाजू कोणती हे मल्टिमीटरच लगेच सांगेल. दोन टोकांना क्लिपा लावा आणि थराची बाजू बाहेर ठेवून पट्टी बॉलपेनभोवती वळवा. रोधाचा आकडा चढत जातो. पट्टी सरळ केली की थोडा उतरतो, पण मूळ जागी येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर पेनाच्या लांबीला समांतर अशा बारीक भेगा ओळीनं दिसतात.

हिशेब सोपा आहे. वाकवलेल्या पट्टीच्या पृष्ठभागावरचा ताण म्हणजे पट्टीची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ माइक्रॉन जाडी आणि ५ मिलिमीटर त्रिज्या घेतली तर ताण १.२५ टक्के. आयटीओ साधारण एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान तडकतं. आता तोच थर २५ माइक्रॉनच्या फिल्मवर असेल तर त्याच वळणाला ताण पाव टक्का भरतो आणि थर शाबूत राहतो. म्हणजे ‘हा पदार्थ लवचीक आहे का’ हा प्रश्न अर्धवट आहे. किती जाड फिल्मवर, किती त्रिज्येला, आणि थर आतल्या बाजूला की बाहेरच्या, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या फिल्म चिकटवून नाजूक थर बरोब्बर मध्ये आणला, तर त्याच्यावर ताण जवळपास येतच नाही. कारखान्यात नेमकी हीच युक्ती वापरतात.

आयटीओला पर्याय कोणते? तुमची पसंती कशाला?

माझी पसंती चांदीला आहे, तिच्या तक्रारींसकट.

चांदीच्या नॅनोतारा साधारण ३० ते ५० नॅनोमीटर जाड आणि काही दशक माइक्रॉन लांब असतात. सिल्व्हर नायट्रेट इथिलीन ग्लायकॉलमध्ये तापवून त्या करता येतात, त्यांची शाई होते आणि ती शाई रोलवर पसरता येते. विस्कटून पडलेल्या तारा एकमेकींना टेकल्या की जाळं तयार होतं. जाळ्यातून वीज जाते, भोकांतून उजेड. ९० टक्के पारगम्यतेला १० ते २० ओम प्रति चौरस मिळतात आणि वाकवल्यावर जाळं तुटत नाही. खरी अडचण तारांच्या सांध्यांत असते. नुसत्या टेकलेल्या तारांचा रोध मोठा, म्हणून सांधे हलक्या आचेवर जुळवावे लागतात. आच जास्त झाली की तारांचे थेंब होतात. दुसरी अडचण प्रत्येक घरात दिसते. पैंजण जशी हवेतल्या गंधकानं काळी पडतात, तशाच या ताराही काळवंडतात, आणि एवढ्या बारीक तारेत काळवंडणं म्हणजे तार तुटणंच. त्यामुळे वरून ऑक्साइडचा संरक्षक थर द्यावा लागतो.

चांदीचंच दुसरं रूप म्हणजे दोन ऑक्साइड थरांमध्ये दहाएक नॅनोमीटरचा चांदीचा पापुद्रा. वाकवायला तो नुसत्या आयटीओपेक्षा खूप बरा.

धातूच्या जाळीत एक भारतीय काम मला फार आवडतं. बंगळुरूला जवाहरलाल नेहरू केंद्रात गिरिधर कुलकर्णी यांच्या गटानं सुकताना भेगाळणारा लेप घेतला, त्या भेगांमध्ये धातू बसवला आणि मग लेप धुऊन टाकला. मागे उरते ती भेगांच्या नक्षीची अखंड जाळी. महागडी लिथोग्राफी (प्रकाशाच्या मदतीनं बारीक नक्षी कोरणं) नाही, भेगा आपोआप जोडलेल्या, आणि धातू एकसंध असल्यामुळे सांध्यांचा प्रश्नच नाही.

पेडॉट-पीएसएस हा वाहक बहुवारिक (पॉलिमर) शाईसारखा पसरतो आणि छान वाकतो. पण तो आम्लधर्मी आहे आणि पाणी ओढतो. ग्राफीनबद्दल लोक फार उत्साहानं विचारतात. त्याचा एक थर अवघा २.३ टक्के प्रकाश शोषतो हे खरं. पण भेसळीशिवाय त्या एका थराचा रोध काही शे ओम असतो, तो हजारेक अंशाला तांब्यावर वाढवून मग उचलून प्लास्टिकवर ठेवावा लागतो, आणि त्या उचलाउचलीत फाटतो. सौरघटासाठी मी आज त्यावर पैज लावणार नाही. अस्फटिकी इंडियम-झिंक ऑक्साइडवर मात्र लावीन. ते खोलीच्या तापमानालाही चांगलं बसतं आणि स्फटिकांच्या सीमा नसल्यामुळे भेगाही उशिरा पडतात.

इंडियम संपणार आहे का?

संपणार नाही, पण पुरवठा आखडता आहे. इंडियमची वेगळी खाण नसते, जस्ताच्या शुद्धीकरणातून ते उपउत्पादन म्हणून निघतं. जगात वर्षाला हजारेक टन नवं इंडियम तयार होतं आणि त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा. १०० नॅनोमीटरच्या आयटीओ थरात चौरस मीटरमागे साधारण अर्धा ग्रॅम इंडियम असतं. म्हणजे वर्षाचं सगळं इंडियम सौरघटांना दिलं, एक ग्रॅमही वाया गेलं नाही आणि चौरस मीटरला २०० वॅट धरले, तरी ४०० गिगावॅट होतात. २०२४ या एका वर्षात जगात त्याहून जास्त सौरक्षमता बसली. टचस्क्रीनवाले तर आधीच रांगेत आहेत.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आयटीओची धूळ फुप्फुसांना घातक आहे. टार्गेट, म्हणजे ज्यातून पदार्थ उडवून थर बसवतात ती आयटीओची जाड चकती, घासणाऱ्या एका कामगाराला फुप्फुसाचा गंभीर आजार झाल्याची नोंद जपानमधून २००३ मध्ये झाली. थर बसवण्याचं चेंबर खरवडताना नुसता कापडी मास्क पुरत नाही.

लवचीक सौरघट किती प्रकारचे असतात?

सर्वांत जुना अस्फटिकी सिलिकॉनचा. १९७६ मध्ये कार्लसन आणि व्रॉन्स्की यांनी तो २.४ टक्के कार्यक्षमतेनं करून दाखवला. कॅलक्युलेटरवरची ती तपकिरी पट्टी याच जातीची. उन्हात सुरुवातीलाच त्याची कार्यक्षमता घसरते आणि त्यामुळे तो मागे पडला.

सीआयजीएस, म्हणजे तांबं-इंडियम-गॅलियम-सेलेनियम, हा प्लास्टिकवरचा सर्वांत परिपक्व घट. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेत अयोध्या तिवारी यांच्या गटानं पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्मवर २०१३ मध्ये २०.४ टक्के आणि २०२२ मध्ये २२.२ टक्के गाठले. शोषक थर फक्त दोन-तीन माइक्रॉनचा. पॉलिइमाइड पिवळट असतं, पण इथे ऊन वरून येतं आणि फिल्म तळाला असते, म्हणून रंग आड येत नाही.

पेरोव्हस्काइट, म्हणजे त्याच नावाच्या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाचा घट, सगळ्यांत नवा. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाचा पहिला घट ३.८ टक्क्यांचा होता. आज काचेवर २६ टक्क्यांच्या पुढे गेला आहे. अर्ध्या माइक्रॉनचा थर पुरतो आणि तो शंभर-दीडशे अंशांत तयार होतो, म्हणून प्लास्टिकला अगदी सोयीचा. जपाननं २०४० पर्यंत सुमारे २० गिगावॅटचं लक्ष्य ठेवलं आहे. तिथे सपाट जमीन कमी, आणि या घटाला लागणारं आयोडीन काढण्यात चिलीनंतर जपानचाच नंबर. सेंद्रिय घट आणि अंतराळासाठीचे गॅलियम आर्सेनाइडचे घट हे आणखी दोन प्रकार. दुसरा अतिशय कार्यक्षम, पण घरच्या छतासाठी परवडणारा नाही.

बातमीत २५ टक्के असतं. मग तसं पॅनल बाजारात का दिसत नाही?

कारण तो आकडा बहुतेक वेळा नखाहून लहान तुकड्यावरचा असतो, अनेकदा चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या. तुकडा वाढवला की पारदर्शक वाहकच आडवा येतो.

हिशेब करून पाहू. पट्टीच्या आकाराच्या घटात वीज वरच्या थरातून एका कडेला गोळा होते. या थरात वाया जाणारा वाटा = शीट रेझिस्टन्स × रुंदीचा वर्ग × प्रवाहघनता ÷ (३ × व्होल्टेज). पेरोव्हस्काइटसाठी १५ ओम प्रति चौरस, चौरस सेंटिमीटरला २२ मिलिअँपिअर आणि १ व्होल्ट धरा. अर्धा सेंटिमीटर रुंदीला २.७५ टक्के ऊर्जा जाते. एक सेंटिमीटरला ११ टक्के. रुंदी दुप्पट झाली की तोटा चौपट. आणि पेटवरचं ६० ओमचं आयटीओ घेतलं तर अर्ध्या सेंटिमीटरलाच ११ टक्के गेले.

म्हणून मोठं मॉड्यूल लेझरनं अरुंद पट्ट्यांत कापून पट्ट्या एकसरीत जोडतात. प्रत्येक कापाशी थोडी जागा वाया जाते. चांगला पारदर्शक वाहक असेल तर पट्ट्या रुंद ठेवता येतात आणि काप कमी लागतात. यापुढे विक्रमाची बातमी वाचताना टक्क्यांच्या शेजारी क्षेत्रफळ शोधा. ते दिलंच नसेल तर त्या बातमीवरून खरेदीचा विचारही करू नका.

हे घट टिकतात किती?

दोन काचांमध्ये बंद केलेल्या सिलिकॉन पॅनलला २५ ते ३० वर्षांची हमी मिळते. प्लास्टिकवरच्या पेरोव्हस्काइट आणि सेंद्रिय घटांबद्दल तसं म्हणता येत नाही, आणि याचं पहिलं कारण आहे पाणी. काचेतून वाफ जात नाही. साध्या पेट फिल्ममधून दिवसाला चौरस मीटरमागे काही ग्रॅम वाफ आरपार जाते. या घटांना ती मिलिग्रॅमच्या घरात किंवा त्याहून कमी हवी. त्यासाठी ऑक्साइड आणि बहुवारिक यांचे थर आलटून पालटून दिलेली बॅरिअर फिल्म लागते. ती महाग असते आणि बऱ्याचदा आतल्या घटाहून तिचीच किंमत जास्त बोचते. कडेचं सीलिंग आणि जिथून तारा बाहेर येतात ती जागा हे आणखी दोन कच्चे दुवे.

पॅनलची नेहमीची चाचणी असते ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास. रत्नागिरी-मालवणसारख्या दमट, खाऱ्या हवेत बसवायचं असेल तर या चाचणीचा निकाल मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोकणात हवेची परीक्षा आधी, कार्यक्षमतेची नंतर.

पेरोव्हस्काइटमध्ये शिसं असतं. घाबरायचं का?

अर्ध्या माइक्रॉनच्या थरात चौरस मीटरमागे एक ग्रॅमहून कमी शिसं असतं. प्रमाण थोडं आहे, पण ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आहे, हे लपवू नये. फाटलेली फिल्म पावसात पडून राहता कामा नये. शिसं धरून ठेवणारे लेप आणि वापर संपल्यावर फिल्म परत घेण्याची व्यवस्था या दोन्ही गोष्टी विक्री सुरू होण्याआधीच ठरायला हव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

ऑनलाइन मिळणारी ‘फ्लेक्सिबल पॅनल’ घ्यावीत का?

आधी एक समजून घ्या. त्यांतली बहुतेक नेहमीच्याच सिलिकॉन वेफरची (पातळ चकत्यांची) असतात, फक्त काचेऐवजी वर प्लास्टिकचं आवरण. ती थोडीशी वाकतात, गुंडाळी होत नाही. जास्त वाकवलं तर वेफरला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि उत्पादन हळूहळू घटतं. थेट पत्र्याला चिकटवली की खालून हवा खेळत नाही. पॅनल ७० अंशांपर्यंत तापलं, तर २५ अंशांना मोजलेल्या क्षमतेपैकी १३ ते १८ टक्के त्या घटकेला गेलेच.

जुन्या शेडचा पत्रा काचेच्या पॅनलचं चौरस मीटरला दहा-बारा किलो वजन पेलणार नसेल, किंवा बोट, टेम्पो असं काही असेल, तरच घ्या. काँक्रीटच्या गच्चीवर काचेचंच पॅनल बसवा.

खिडकीची काच वीज करेल का?

करेल, पण जेवढा उजेड घरात येतो तेवढा विजेला मिळत नाही. शिवाय उभ्या भिंतीवर ऊन तिरकं पडतं. काचेच्या मोठ्या दर्शनी भिंती असलेल्या इमारतींसाठी विचार करण्यासारखं आहे, घराच्या एका खिडकीसाठी नाही.

महाराष्ट्रात हे काम कुठे चालतं? एम.एस्सी.ला प्रकल्प कोणता घेऊ?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या कामाची मोठी परंपरा आहे, विशेषतः स्प्रे पायरोलिसिसची, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बनवण्याच्या पद्धतीची. प्रमोद पाटील यांचा या पद्धतीवरचा १९९९ मधला आढावा लेख अजूनही उपयोगी पडतो. आयआयटी मुंबईत २०१० पासून राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन आणि शिक्षण केंद्र आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि आयसर ही विज्ञान संस्था आहे.

प्रकल्पासाठी व्हॅक्युम यंत्रणा नसली तरी अडत नाही. टिन क्लोराइडच्या द्रावणात अमोनियम फ्लोराइड घालून ४५० अंशांच्या हॉट प्लेटवरच्या काचेवर फवारा. फवारणी वाफ बाहेर ओढणाऱ्या धुराड्याखालीच (फ्यूम हूड) करा, कारण निघणारी वाफ आम्लाची असते. थर जमला की काच तिरकी धरल्यावर गुलाबी-हिरवट झाक दिसते, आणि झाक पट्ट्यापट्ट्यांची असेल तर जाडी एकसारखी नाही हे तिथेच कळतं. चार टोकांच्या प्रोबनं नऊ जागी शीट रेझिस्टन्स मोजा. फक्त सर्वांत चांगला आकडा लिहू नका, नऊच्या नऊ लिहा. लवचीक बाजूकडे वळायचं असेल तर पेटवर चांदीच्या नॅनोतारा पसरा. एक नमुना उघडा, एक झिंक ऑक्साइडनं झाकलेला, असे दोन्ही पावसाळाभर खिडकीशी ठेवा आणि दर आठवड्याला रोध मोजत राहा.